पंचेचाळीस सेकंदांचा मान

साशंक : ऑस्करचा सोहळा झाला की दर वर्षी ठरावीक तीन तक्रारी ऐकू येतात. फार लांबला, भलत्यालाच मिळालं, आणि सूत्रसंचालकाचे विनोद पडले. सोमवारी पहाटे उठून ज्यांनी सगळा पाहिला तेही हेच म्हणतात, आणि दुपारी मोबाइलवर दोन तुकडे पाहणारेही हेच म्हणतात. माझं तक्रारींशी भांडण नाही, तक्रार करणाऱ्याच्या हक्काशी आहे. एका धंद्यातली माणसं आपसांत मतं टाकतात आणि आपल्यातल्याच कुणाला तरी बाहुली देतात. त्यात घरी सोफ्यावर बसलेल्याचा संबंध आला कुठून? १६ मे १९२९ ला हॉलिवूड रूझवेल्ट हॉटेलात पहिला समारंभ झाला, तो पंधराएक मिनिटांत आटोपला. विजेत्यांची नावं तीन महिने आधीच जाहीर झालेली. मंडळी जेवली, बक्षिसं घेतली, घरी गेली. लांबला म्हणून कुरकुरायला प्रेक्षकच नव्हता. माझ्या मते हा समारंभ तेवढ्याच लायकीचा होता आणि आहे.

हौशी : तू १९२९ वर थांबतोस, कारण तुझ्या सोयीचं तेवढंच आहे. १९५३ ला ये. स्टुडिओंनी खर्चातून अंग काढून घेतलं होतं, समारंभ करायला पैसे नव्हते. तेव्हा एनबीसीनं एक लाख डॉलर मोजून प्रक्षेपणाचे हक्क घेतले आणि १९ मार्चला पहिल्यांदा हा समारंभ घराघरांत दिसला. यातली गंमत बघ. लोक टीव्हीपुढे बसायला लागले आणि थिएटरं ओस पडली, म्हणून हॉलिवूड तेव्हा टीव्हीच्या नावानं बोटं मोडत होतं. त्याच टीव्हीच्या पैशावर त्यांनी आपलं कौतुक करून घेतलं. तेव्हापासून ही गोष्ट घरातली राहिली नाही. आजही ऑस्कर देणाऱ्या अकादमीच्या उत्पन्नाचा मोठा वाटा प्रक्षेपणाच्या हक्कांतून येतो. तिचं ग्रंथालय, फिल्मसंग्रह, लॉस एंजेलिसमधलं संग्रहालय, सगळ्याला त्या एका रात्रीचा आधार आहे. वाहिनी पैसे देते ते जाहिरातदारांच्या जिवावर, आणि जाहिरातदार देतात ते पाहणाऱ्यांच्या डोळ्यांसाठी. मग माझा संबंध नाही कसा? आणि ‘भलत्यालाच मिळालं’ ही तक्रारसुद्धा त्याच रात्रीइतकी जुनी आहे. त्या वर्षी ‘हाय नून’ शर्यतीत असताना ‘द ग्रेटेस्ट शो ऑन अर्थ’ या सर्कशीच्या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट ठरवलं. ‘सिंगिंग इन द रेन’ तर शेवटच्या पाचांतही नव्हता. म्हणजे पहिल्याच दिवशी टीव्हीनं प्रेक्षकाला चिडायची सोय करून दिली.

साशंक : डोळे मोजून पैसे मिळतात, कबूल. पण मोजलेल्या डोळ्यांना मत मिळायला लागलं की काय होतं तेही बघ. १९९८ ला, ‘टायटॅनिक’च्या वर्षी, अमेरिकेत साडेपाच कोटी लोकांनी सोहळा पाहिला. २०२१ ला तो आकडा एक कोटीच्या आसपास घसरला. या उतरणीवर अकादमीनं काय काय केलं! ‘द डार्क नाइट’ला वगळल्यावर लोक रागावले, म्हणून सर्वोत्कृष्ट चित्रपटाची यादी पाचांवरून दहांवर नेली. २०१८ ला ‘लोकप्रिय चित्रपटा’चा वेगळा पुरस्कार जाहीर केला आणि आरडाओरडा झाल्यावर महिन्याभरात गुंडाळून ठेवला. २०२२ ला ट्विटरवर थेट प्रेक्षकांचं मत घेतलं. लाडका चित्रपट कोणता ठरला, आठवतं? ‘आर्मी ऑफ द डेड’. तुझ्या डोळ्यांना मत दिल्यावर ही निवड झाली, आणि ती आज तुलाही आठवत नाही.

हौशी : नाही आठवत. त्या वर्षीची थप्पड आठवते.

साशंक : मी तिथेच येत होतो. त्या वर्षी कार्यक्रम चटपटीत करायचा म्हणून आठ पुरस्कार थेट प्रक्षेपणातून काढले. संकलन, ध्वनी, पार्श्वसंगीत, कलादिग्दर्शन, रंगभूषा-केशभूषा आणि तिन्ही प्रकारचे लघुपट. ते तासभर आधी देऊन टाकले, चित्रित करून ठेवले आणि कापून-बेतून मध्ये मध्ये दाखवले. चित्रपटाच्या सोहळ्यात संकलकाच्याच भाषणाचं संकलन! एवढं करूनही कार्यक्रम साडेतीन तासांच्या वर गेला. आणि ज्या क्षणासाठी लोक खडबडून जागे झाले तो विल स्मिथनं ख्रिस रॉकच्या थोबाडीत मारल्याचा. ख्रिस रॉक तिथे उभा कशाला होता? सर्वोत्कृष्ट माहितीपटाचं नाव वाचायला. पुढच्या मिनिटाला ‘समर ऑफ सोल’ला पुरस्कार मिळाला. हार्लेममधल्या १९६९ च्या संगीत महोत्सवाचं विसरलेलं चित्रण शोधून, जुळवून तो चित्रपट केला होता. दिग्दर्शक स्टेजवर उभा राहून रडत होता आणि सभागृहात एकही माणूस त्याच्याकडे बघत नव्हता. घरी तर विचारूच नकोस, सगळे फोनवर. प्रेक्षकाला खूश करायला बसलं की हे हाती लागतं.

हौशी : थप्पड प्रेक्षकानं मारली नव्हती. आणि आठ पुरस्कार काढा असंही प्रेक्षकांनी कुठे सांगितलं होतं? प्रेक्षक कंटाळतात असा वाहिनीनं आणि अकादमीनं मिळून काढलेला तो निष्कर्ष. कंटाळतो ना मी, नाही कशाला म्हणू? अकाउंटंट, वकील, एजंट, दोन्हीकडचे आईवडील, नावामागून नाव. लग्नात आहेराची यादी माइकवर वाचावी तसं वाटतं. पण कंटाळा येणं आणि ते नकोच असणं, या दोन गोष्टी एक नाहीत. संकलक, संगीतकार, ध्वनीवाले चिडले, पत्रं लिहिली गेली, आणि २०२३ ला तेवीसच्या तेवीस पुरस्कार पुन्हा थेट दिले. आता बघ, त्या वर्षी लघुमाहितीपटाचा पुरस्कार कुणाला? ‘द एलिफंट व्हिस्परर्स’ला. मुदुमलईच्या जंगलात हत्तीची अनाथ पिल्लं वाढवणाऱ्या बोम्मन आणि बेल्लीची गोष्ट. एक वर्ष आधी मिळाला असता तर कार्तिकी गोन्साल्विसचं भाषण कापूनच दिसलं असतं. मी ते थेट पाहिलं. ‘नाटू नाटू’ नंतर आलं, आणि घरात आरडाओरडा त्याचा झाला, हे खरं. पण आधी हे पाहिलं.

साशंक : पाहिलंस ना? मग पुढचंही पाहिलं असशील. दिग्दर्शिका बोलली, आणि निर्माती गुनीत मोंगा माइककडे वळते न वळते तोच वाद्यवृंद सुरू. उजेड गेला, माइक गेला. एवढा प्रवास करून आलेल्या बाईला एक वाक्य बोलता आलं नाही. हा तुझा थेट मान. भाषणाला पंचेचाळीस सेकंदांचा नियम सगळ्यांना सारखा आहे म्हणतात. २०२५ ला एड्रियन ब्रोडी सर्वोत्कृष्ट अभिनेता म्हणून स्टेजवर गेला. संगीत वाजायला लागलं तसं त्यानंच फर्मावलं, बंद करा, मी पहिल्यांदा आलेलो नाही इथे. ते बंद झालं! साडेपाच मिनिटांच्या वर बोलला तो. ऑस्करच्या इतिहासातलं सगळ्यांत लांब भाषण. म्हणजे नियम सगळ्यांना, वाद्यवृंद मात्र लहानांना. हे मला कळतं, तुला कळतं. तरी तू चार-साडेचारचा गजर लावतेस.

हौशी : लावते, कारण तो अन्याय मला तिथेच दिसतो. तू आपल्याकडचे टीव्हीवरचे सोहळे आठव. एका रात्री चित्रण होतं, आठवड्या-दोन आठवड्यांनी कार्यक्रम दिसतो. तोवर कुणाला काय मिळालं हे पेपरात येऊन शिळं झालेलं असतं. नाच आणि प्रायोजकाचे आभार पूर्ण दिसतात. छायालेखक, ध्वनी, संकलन, वेशभूषा यांची मात्र एक पट्टी असते, हातात बाहुली, हसरा चेहरा, पुढचा, हसरा चेहरा, पुढचा. टाळ्या वाजवणारी पहिली रांगसुद्धा भलत्याच क्षणाची असते. दोन शॉटमध्ये नीट बघ, एकाच नटीच्या मांडीवर कधी शाल असते, कधी नसते. तिथे कुणाचं भाषण कापलं हे तुला कळतसुद्धा नाही, कात्री आत चालते. लॉस एंजेलिसमध्ये कात्री वाद्यवृंदाच्या रूपानं समोर बसलेली असते. मोंगाला बोलू दिलं नाही हे सगळ्या देशानं पाहिलं, म्हणून तर ओरडा झाला. आपल्याकडे अशा किती मोंगा संकलनाच्या टेबलावर गेल्या, त्याचा कुणी हिशेब मागितला?

(दोघांपैकी कुणी म्हणत नाही म्हणून लिहिणाराच मध्ये तोंड घालतो : मराठी वाहिन्यांवरच्या चित्रपट सोहळ्यांतली प्रहसनं निम्मी केली, तर ध्वनिमुद्रकाला स्टेजवर चढायला, दोन वाक्यं बोलायला आणि सावकाश उतरायलाही वेळ उरेल. आता पुढे चालू द्या.)

साशंक : आपल्याकडच्या सोहळ्यांची वकिली मी करणार नाही. निदान तिथे काही अपेक्षा नसते. सगळे जाणून असतात की हा करमणुकीचा कार्यक्रम, ज्याला नाचायला बोलावलंय त्याला काहीतरी मिळणार. दुखावलं कुणी जात नाही. ऑस्करच्या बाबतीत तुझ्यासारखी शहाणी माणसं मनापासून दुखावली जातात, मला खटकतं ते हे. २०२२ चीच गोष्ट. दिवंगतांना आदरांजलीच्या भागात लता मंगेशकरांचं नाव नव्हतं. दिलीपकुमारांचंही नव्हतं. आपल्याकडे काय संताप! मला सांग, ६ फेब्रुवारीला लताबाई गेल्या. त्या दिवशी शिवाजी पार्कवर अंत्यसंस्कार झाले, देशानं दोन दिवस दुखवटा पाळला, गल्लीबोळांत त्यांची गाणी लागली होती. त्यानंतर सात आठवड्यांनी अमेरिकेतल्या एका व्यावसायिक संघटनेनं त्यांचा फोटो दोन सेकंद दाखवला की नाही यावरून आपण ऊर बडवायचा? आपल्या शोकाला त्यांची पोचपावती कशाला हवी? आणि ज्यांचे फोटो दाखवले त्यांच्या पदरी तरी काय पडलं? त्या वर्षी पुढे गायकवृंद नाचत होता आणि मागे पडद्यावर नावं सरकत होती. अमेरिकेतलेच लोक वैतागले. आदल्या वर्षी तर नावं इतकी भरभर गेली की वाचता वाचता पुढचं यायचं.

हौशी : शोकाचं म्हणशील तर मान्य. लताबाईंना कुणाच्या दोन सेकंदांची गरज नव्हती. पण मी शोक मागत नव्हते, हिशेब मागत होते. ज्या ‘लगान’ला त्यांनी २००२ ला शेवटच्या पाच परभाषी चित्रपटांत घेतलं, त्यात लताबाईंचा आवाज आहे. म्हणजे त्यांच्या स्वतःच्या दप्तरात त्या आहेत. अकादमी गेली काही वर्षं जगभरातून सभासद बोलावते, त्यात भारतीय किती तरी आहेत. आम्ही आता हॉलिवूडपुरते नाही असं ती सांगते. मग जगाचं म्हणवायचं आणि वही घरचीच ठेवायची, हे दोन्ही एकदम चालणार नाही. ब्रिटनच्या बाफ्टानं त्याच वर्षी लताबाईंना आठवलं होतं, म्हणजे जमत नव्हतं अशातला भाग नाही. आणि अकादमीलाही जमतं. आदल्याच वर्षी, तुझ्या त्या भरभर सरकणाऱ्या नावांत, भानू अथय्यांचं नाव होतं. मी पाहिलं. कोल्हापूरच्या राजोपाध्यांची मुलगी, आणि नाव झळकतंय लॉस एंजेलिसमध्ये.

साशंक : होतं, कारण भानूताईंकडे अकादमीचीच बाहुली होती. ‘गांधी’च्या वेशभूषेसाठी, १९८३ ची, जॉन मोलोबरोबर विभागून मिळालेली. भारतातलं पहिलं ऑस्कर. आणि त्या बाहुलीचं पुढे काय झालं? २०१२ ला भानूताईंनी ती अकादमीकडे परत पाठवली, सांभाळायला. आपल्यामागे इथे ती नीट राहील याची त्यांना खात्री नव्हती. मान अकादमीनं दिला आणि तो ठेवायला जागाही तिच्याकडेच सापडली. हे ऐकून तुला अभिमान वाटतो की लाज, ठरव.

हौशी : दोन्ही. पण लाज कुणाची, हेही ठरवू. अकादमीची नक्कीच नव्हे. तू म्हणतोस एका धंद्याचा घरगुती समारंभ, तर मी तुला सत्यजित राय यांची गोष्ट सांगते. १९९२ ला त्यांना मानद ऑस्कर जाहीर झालं. राय कलकत्त्याला रुग्णालयात. सोहळ्यात दाखवायला त्यांच्या चित्रपटांतले तुकडे हवे होते. जोडायला बसले तर धड प्रत मिळेना. खराब, ओरखडलेल्या, उडालेल्या. टीव्हीवर काही मिनिटं दाखवायची म्हणून शोधाशोध झाली आणि तिथे कळलं की जगातल्या एका मोठ्या दिग्दर्शकाचं काम नष्ट व्हायच्या वाटेवर आहे. तिथून अकादमीनं रायच्या चित्रपटांचं जतन हाती घेतलं. १९९३ ला लंडनच्या एका फिल्म प्रयोगशाळेला आग लागली, त्यात ‘पथेर पांचाली’ आणि तिच्या पुढच्या दोन्ही भागांच्या मूळ निगेटिव्ह होरपळल्या. फेकून द्यायच्या अवस्थेतल्या त्या रिळा अकादमीनं ठेवून घेतल्या. वीस वर्षांनी इटलीत, बोलोन्याला, त्या हातांनी साफ केल्या, मऊ केल्या, जमतील तेवढ्या वाचवल्या. २०१५ ला तिन्ही चित्रपट नव्यानं लोकांपुढे आले. याचा धागा मागे मागे नेलास तर हाती काय लागतं? टीव्हीच्या कार्यक्रमाला हवी असलेली काही मिनिटांची पट्टी. तो कार्यक्रम रूझवेल्ट हॉटेलातल्या जेवणाइतका राहिला असता तर कुणाला तुकडे लागले असते? आणि एवढा खर्च करायला पैसा कुठून आला असता?

साशंक : गोष्ट चांगली आहे. मलाही आवडते. पण तू ती मधेच सोडलीस. ऑड्री हेपबर्ननं रायचं नाव पुकारलं, राय बिछान्यात ती बाहुली हातात धरून बोलले, जगानं ते पाहिलं आणि महिन्याच्या आत राय गेले. बरोबर? आज रायना हा मान मिळाला असता तर तू तो पाहिला नसतास. २००९ पासून मानद ऑस्कर मुख्य सोहळ्यात देतच नाहीत. काही महिने आधी एक वेगळी मेजवानी करतात आणि तिथे देऊन टाकतात. कारण? वेळ वाचतो. म्हातारी माणसं सावकाश चालतात, सावकाश बोलतात, त्यांचे जुने चित्रपट तरुण प्रेक्षकाला माहीत नसतात. कार्यक्रम लांबतो अशी तक्रार तुम्ही लोकांनी वर्षानुवर्षं केलीत, तिचा पहिला बळी हाच. ज्या दारातून राय आले ते दार तुमच्या जांभयांनी बंद केलं. २०२२ चे आठ पुरस्कार तू परत आणलेस म्हणतेस. हे कुठे परत आले?

हौशी : नाही आले. हा घाव बसला, मान्य करते.

साशंक : मग दुसरी तक्रार घे, ‘भलत्यालाच मिळालं’. तुम्ही चिडता कारण तुम्ही सगळे चित्रपट पाहिलेले असतात आणि मनात निकाल लावलेला असतो. मत टाकणाऱ्यांची मात्र गंमतच आहे. संकलनाची नामांकनं संकलक ठरवतात, ध्वनीची ध्वनीवाले. इथवर ठीक. शेवटच्या फेरीत सगळ्यांनी सगळ्याला मत द्यायचं. नट ध्वनिमिश्रणाला देणार, वितरक केशभूषेला देणार. सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी पसंतीक्रम मांडायचा, म्हणजे पुष्कळदा जिंकतो तो कुणालाच फारसा न खुपणारा. आणि ज्या गटात मत द्यायचं त्यातले सगळे चित्रपट पाहिलेच पाहिजेत, हा नियम सगळ्या गटांना लागू झाला तो २०२५ ला! शहाण्णव-सत्त्याण्णव वर्षं बहुतेक पुरस्कारांना न पाहता मत देता येत होतं. अशा निकालावर तू घरी बसून डोकं पिकवतेस.

हौशी : तो नियम आला तो कुणाच्या लाजेनं? सभासद खासगीत सांगायचे की आपण अर्धे चित्रपट पाहिलेच नाहीत, ते छापून यायचं, आणि आम्ही प्रेक्षक तोंडात बोट घालायचो. न पाहणारा मतदार आणि पाहून चिडलेला बिनमताचा प्रेक्षक, या दोघांत चित्रपटाचा खरा माणूस कोण, सांग. दहा हजारांच्या घरातले सभासद बंद दाराआड मतं टाकतात. त्यांना कुणी बघतंय एवढीच त्यांच्यावरची वेसण. आमचा हक्क निकालावर नाही, हे तुझं मी पहिल्यापासून मान्य करतेय. आमचा हक्क बघण्यावर आहे. आणि बघितलं की बोलण्यावर.

साशंक : बघण्याच्या हक्कानं काय होतं त्याचा सगळ्यांत क्रूर नमुना २०२१ चा. करोनामुळे सोहळा लॉस एंजेलिसच्या युनियन स्टेशनवर. दर वर्षी शेवट सर्वोत्कृष्ट चित्रपटानं होतो. त्या वर्षी क्रम बदलला आणि सर्वोत्कृष्ट अभिनेता शेवटी ठेवला. चॅडविक बोसमन आदल्या वर्षी कर्करोगानं गेला होता, पुरस्कार त्यालाच मिळणार असं सगळे धरून चालले होते. म्हणजे जगाला एकत्र रडवून समारोप करायचा बेत. लखोटा उघडला, नाव निघालं अँथनी हॉपकिन्सचं. तो होता वेल्समध्ये, झोपलेला. घेणारा नाही, भाषण नाही, होआकिन फिनिक्सनं त्याच्या वतीनं पुरस्कार स्वीकारला म्हणून सांगितलं आणि कार्यक्रम फटकन संपला. एका मेलेल्या माणसाचा तुमच्या डोळ्यांसाठी उपयोग करायला निघाले होते. ते फसलं, आणि हॉपकिन्सचं उत्तम काम दुसऱ्या दिवशी ‘निराशाजनक शेवट’ म्हणून गणलं गेलं.

हौशी : मला तो शेवट आवडला होता. खोटं सांगत नाही. त्या रात्री मला पहिल्यांदा पटलं की लखोट्यात काय आहे ते कार्यक्रम करणाऱ्यांना खरंच माहीत नसतं. माहीत असतं तर असा फजितीचा क्रम कुणी लावला असता? टीव्हीवर ज्याचं नाटक आधी बसवता येत नाही असं किती उरलंय? आणि तू मघापासून बोसमन, स्मिथ, ब्रोडी असे मोठेच लोक घेऊन बोलतोयस. मी उठते ते त्यांच्यासाठीच, लपवत नाही. पण बसल्या बसल्या मला जे मिळतं ते दुसरंच असतं. २००९ ला मी रेहमानसाठी उठले. त्याआधी रसूल पूकुट्टी आला, ‘स्लमडॉग मिलियनेअर’च्या ध्वनिमिश्रणासाठी, आणि स्टेजवर उभा राहून ओंकाराबद्दल आणि त्यानंतरच्या शांततेबद्दल बोलला. ध्वनिमिश्रण हे कुणा माणसाचं काम असतं, त्याला चेहरा असतो, हे त्या दिवशी माझ्या घरातल्या सगळ्यांना कळलं. मुद्दाम ध्वनिमिश्रकाचं भाषण ऐकायला आम्ही कुणी उठलो असतो का? रेहमानची वाट बघत होतो म्हणून ते कानावर पडलं. सगळ्यांत मोठा पुरस्कार शेवटी ठेवतात, त्याची वाट बघताना करोडो माणसांना अनोळखी लोकांचे पंचेचाळीस-पंचेचाळीस सेकंद ऐकावे लागतात. तुम्ही ज्याला कंटाळा म्हणता तो हा. त्या माणसाला जगाचे कान मिळतात ते या एकाच कारणानं की आम्ही दुसऱ्या कुणासाठी अडकून बसलेलो असतो.

साशंक : अडकलेला कान म्हणजे मान नव्हे. त्या पंचेचाळीस सेकंदांत निम्मी घरं चहा टाकायला उठतात. आणि पूकुट्टी तुझ्या लक्षात राहिला तो आपला म्हणून. २०२२ चा ध्वनीचा पुरस्कार कुणाला?

हौशी : ‘ड्यून’ला.

साशंक : चित्रपट नाही विचारला, माणूस. पाच होते.

हौशी : नावं नाही सांगता येणार. पण ते वर्ष तू मुद्दाम निवडलंस. त्याच वर्षी ते थेट दाखवले नव्हते.

साशंक : बरं, दुसरं कुठलंही निवड, उत्तर तेच येईल. तरीही तुझं एक म्हणणं मला सोडवत नाहीये, ते घेऊन पुढे जातो. २०२९ पासून ऑस्कर टीव्ही सोडून यूट्यूबवर जातंय. करार झालाय. तिथे रात्रीच्या बातम्यांची घाई नाही, दहाच्या ठोक्याला संपवायचं बंधन नाही. उद्या ते म्हणू शकतात, बोला, हवं तेवढं बोला. वाद्यवृंदाला कामच उरणार नाही. मोंगासारखी बाई चार मिनिटं बोलेल. तू खूश?

हौशी : खूश व्हायला हवं. पण तिथे खाली रेघ असते ना, बोटानं पुढे सरकवायची. आणि सोहळा चालू असतानाच प्रत्येक पुरस्काराचा तुकडा वेगळा मिळणार. ज्याला अभिनेत्री बघायची त्यानं अभिनेत्री बघावी. वाट बघायचं कारणच गेलं.

साशंक : म्हणजे वेळेची टंचाई होती तोवर त्या माणसाला पंचेचाळीस सेकंद आणि करोडो कान. टंचाई संपली की तासभर, आणि ऐकायला त्याची बायको. तुझ्याच बोलण्यातून हे निघतं. आणि ते खरं असेल तर मला ते फार वाईट वाटतं, कारण मग त्या वाद्यवृंदाचं समर्थन करायची पाळी माझ्यावर येते.

हौशी : माझ्यावर तर कंटाळ्याचं समर्थन करायची आली. पण थांब, तू नुसता दोष काढत राहतोस, एकदा कात्री हातात घेऊन दाखव. कास्टिंगचा नवा पुरस्कार धरून आता चोवीस झालेत. साडेतीन तास आहेत. त्यात गाणी, आदरांजली, जाहिराती. कुणाचे सेकंद कापशील?

साशंक : सर्वोत्कृष्ट अभिनेता आणि अभिनेत्री. त्यांना वर्षभर माइक असतो. ते दोन पुरस्कार तासभर आधी देऊन टाकायचे, आणि संकलक, ध्वनीवाले, लघुपटवाले यांना थेट, हवं तेवढं बोलू द्यायचं.

हौशी : न्याय्य आहे. पण मग त्या दिवशी मी पहाटेचा गजर कुणासाठी लावू?